नाही म्हणण्याची ऐपत

दिवाळीच्या पाडव्याला व्यापारी नवी वही उघडतो, तेव्हा पहिल्या पानावर कुंकवाने दोन शब्द उमटतात: ‘शुभ’ आणि ‘लाभ’. लहानपणापासून हे शब्द आपण इतके जोडीने पाहिलेले असतात, की ते सख्खे भाऊ आहेत असेच धरून चालतो. या भावांचे कधी भांडण होत असेल काय, हा प्रश्न मला चाळिशी उलटेपर्यंत पडला नव्हता. तो पाडला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने, आणि तोही कार्बोरेटर नावाच्या एका पितळी-जस्ती वस्तूच्या निमित्ताने.

हा मुलगा वर्गात शेवटच्या बाकावर बसे. माझ्या मराठीच्या तासाला त्याचे लक्ष खिडकीबाहेर असे, आणि खिडकीबाहेर रस्ता होता. रस्त्याने जाणाऱ्या गाडीचा आवाज ऐकून ती लुना आहे की राजदूत, हे तो न बघता सांगे. त्याच्या वडिलांचे संगमनेर रस्त्याला छोटे गॅरेज होते. त्या काळी आमच्या तालुक्यातले दूधवाले दोन्ही बाजूंना किटल्या अडकवून बजाजच्या एम-ऐंशीवरून डेअरी गाठत. पहाटे गाडी बंद पडली तर दूध नासे, म्हणून गॅरेजचे दार पहाटेच वाजे. कार्बोरेटर उघडायला हा मुलगा तिथे शिकला. पुढे वडील गेले, गॅरेज मिटले. मुलगा संगमनेरला एका दुचाकीच्या वर्कशॉपात पगारावर लागला. पण रात्री जेवण झाले, की घराच्या पडवीत दिवा लावून तो जुन्या गाड्यांचे कार्बोरेटर खोलून बसे. येझदी, बुलेट, विलीज जीप, अँबॅसिडर, आणि सगळ्यांत लाडकी फियाट पद्मिनी. वडिलांनी हौसेने घेतलेली एक पद्मिनी अजून त्याच्या अंगणात उभी आहे.

मी एकदा त्याच्याजवळ बसून ते काम पाहिले. एका परातीत सुटे भाग ओळीने मांडलेले होते. त्याने पितळी फ्लोट उचलून कानाशी हलवला. “सर, ऐका, आत पेट्रोल गेलंय.” मग तो फ्लोट कढत पाण्यात बुडवला, तर एका सांध्यातून बारीक बुडबुडे निघाले. “इथे भोक आहे. हा बुडतो, म्हणून पेट्रोल वाहून जातं.” पुढे त्याने सुईच्या नेढ्याहून लहान भोकाचा एक जेट दाखवला. त्यावर कोरलेला आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. “यात कधी तार घालायची नाही. भोक केसभर मोठं झालं, तरी गाडीची भूक बदलते.”

हे यंत्र किती साधे आणि किती शहाणे! अरुंद गळ्यातून वाहताना हवेचा वेग वाढतो आणि दाब उतरतो. व्हेंचुरी या इटालियन शास्त्रज्ञाचे नाव त्या गळ्याला मिळाले आहे. उतरलेल्या दाबामुळे पेट्रोल आपोआप वर ओढले जाते आणि त्याचा फवारा होतो. असा फवाऱ्याचा कार्बोरेटर १८९३च्या सुमारास जर्मनीत मायबाखने, आणि हंगेरीत बांकी आणि चोंका या जोडीने घडवला. वजनाने सुमारे पंधरा भाग हवेला एक भाग पेट्रोल, हे त्याचे प्रमाण. म्हणजे एक लिटर पेट्रोल नीट जळायला जवळजवळ नऊ हजार लिटर हवा लागते. पुराणातले अगस्ती ऋषी एका आचमनात समुद्र प्याले. त्यांचा आश्रम आमच्या गावात प्रवरेकाठी आहे. त्याच गावात हा पोरगा थेंबाथेंबाचा हिशेब करत बसलेला पाहून मला हसू आले, आणि कौतुकही वाटले.

हळूहळू त्याचे नाव पसरले. नाशिक, पुणे, मुंबईहून जुन्या गाड्यांचे शौकीन त्याला पार्सले पाठवू लागले. आणि एका संध्याकाळी तो माझ्या ओसरीवर येऊन बसला.

“सर, नोकरी सोडू का? हेच पूर्ण वेळ करावं म्हणतो.”

मी तात्काळ ‘नको’ म्हणालो. माझ्याजवळ कारणे तयार होती. पहिले व्यवहाराचे. नव्या गाड्यांत आता कार्बोरेटर जवळजवळ उरलेला नाही. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे नवे नियम आले आणि बहुतेक दुचाक्यांतूनही तो गेला. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. जी वस्तू जन्मालाच येत नाही, तिच्या दुरुस्तीवर संसार कसा उभा करायचा? दुसरे कारण मला अधिक मोलाचे वाटत होते. म्हटले, “अरे, छंदाला पोटाच्या दावणीला बांधलंस, की तो छंद राहत नाही. मी कादंबऱ्या लिहितो; पण पोट शाळेवर भरतो, म्हणूनच मनासारखं लिहू शकतो.” तो काही न बोलता उठून गेला. आपण फार शहाणपणाचे बोललो, असे मला त्या रात्री वाटले.

पण एक आठवण मला स्वस्थ बसू देईना. ती होती लक्ष्मणराव किर्लोस्करांची. चित्रकार व्हायचे म्हणून ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. रंग ओळखण्यात दृष्टिदोष निघाला आणि चित्रकला सुटली. यंत्रांचे वेड मात्र जडले, आणि ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. १८८८ मध्ये बेळगावात भावाबरोबर सायकलींचे दुकान निघाले, आणि पुढे लक्ष्मणराव मास्तरकी सोडून त्याच धंद्यात उतरले. त्यांनी लोखंडी नांगर घडवला, तेव्हा लोखंडाने जमिनीत विष उतरते म्हणून शेतकरी त्याला हात लावीनात. पहिले नांगर खपायला दोन वर्षे गेली. १९१० मध्ये औंध संस्थानाच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसली, ती त्यानंतर. माझ्यासारखा कुणी शहाणा त्यांच्या ओसरीवर भेटला असता, आणि त्यांनी त्याचे ऐकले असते, तर महाराष्ट्राचे काय झाले असते?

अर्थात, थोरांची उदाहरणे घेऊन लहानांचे प्रश्न सुटत नाहीत. प्रत्येक सायकल दुरुस्त करणाऱ्याचा किर्लोस्कर होत नाही. माझे मत खरे हलले ते एका लहानशा प्रसंगाने.

पुण्याच्या एका गृहस्थांनी आपल्या पद्मिनीचा कार्बोरेटर पाठवला होता. गाडी चढाला झटके देते, अशी तक्रार. माझ्या विद्यार्थ्याने तो तपासला, दोष दिसेना. मग त्याने तो आपल्या अंगणातल्या पद्मिनीला बसवला आणि राजूरच्या वाटेवरचा विठा घाट चढून आला. गाडी लोण्यासारखी चालली. त्याने पुण्याला फोन केला. “साहेब, कार्बोरेटर चांगला आहे. दोष ठिणगीत असेल. पॉइंट आणि कंडेन्सर बघून घ्या.” गृहस्थांना ते पटले नाही. ते म्हणाले, “उघडलाच आहे, तर नवीन भाग टाकून द्या. काय पैसे होतील ते सांगा.” याने पैसे घेतले नाहीत. पार्सलचा खर्च तेवढा घेऊन वस्तू परत पाठवली. त्या गृहस्थांचा पुन्हा फोन आला नाही.

हे मला त्याच्या बायकोने सांगितले. तिच्या बोलण्यात राग नव्हता, हिशेब होता. “सर, तीन तास गेले, घाटात पेट्रोल जळलं, आणि हातात काय? समोरचा माणूस पैसे द्यायला तयार होता. आज पगार आहे म्हणून हे चाललं. उद्या दुकानाचं भाडं असलं, तर हे असं नाही म्हणतील का? आणि म्हणाले, तर आम्ही खायचं काय?”

या बाईने चार वाक्यांत जे विचारले, ते माझ्या साऱ्या उपदेशात नव्हते. मी प्रेमाची चिंता करत होतो. ती खरेपणाची करत होती. काम आवडीचे राहील की नाही, हा प्रश्न तसा लहान आहे. कोणते काम रोज तेवढेच आवडते? आईलासुद्धा स्वयंपाकाचा एखाद्या दिवशी कंटाळा येतो, म्हणून तिचे प्रेम आटले असे कुणी म्हणत नाही. मोठा प्रश्न हा, की पोट त्यावर टाकल्यानंतर ‘तुम्हांला माझी गरज नाही’ हे वाक्य आपल्या तोंडून निघेल काय? वैद्याला औषध नको असलेल्या रोग्याला घरी पाठवता येईल काय? वकिलाला सांगता येईल काय, की बाबा रे, कोर्टात जाऊ नकोस, भावाशी बोल?

लिहिता लिहिता इथे मला थांबावे लागते. कारण या प्रश्नाला मी स्वतः एकदा नापास झालो आहे. घराच्या स्लॅबचे काम चालू असताना एका पालकाने आपल्या हुशार मुलाला माझ्याकडे शिकवणीला पाठवले. त्या मुलाला शिकवणीची गरज नाही, हे मला आठवड्यातच कळले. मी वर्षभर फी घेतली. पालक खुश होते, मुलगा पहिला आला, आणि त्याचे श्रेयही मला मिळाले. कुणाची फसवणूक झाली, असे कोर्टात सिद्ध करता येणार नाही. पण मला ते माहीत आहे.

आणि माझ्या कादंबऱ्यांचे काय? त्या पोटासाठी लिहिल्या नाहीत, म्हणून त्या निर्मळ आहेत, असे मी मानत आलो. पण विद्यार्थ्याकडे गेलेली वस्तू घाटात पुन्हा बंद पडली, तर दुसऱ्या दिवशी पार्सलाने परत येते. माझे फसलेले प्रकरण मला कुणी परत पाठवत नाही. भेटीदाखल दिलेले पुस्तक लोक कपाटात ठेवतात आणि ‘छान आहे’ म्हणतात. धंद्याला लाभाचा मोह असतो, हे खरे. छंदालाही एक मोह असतो, आणि तो म्हणजे कुणालाही जाब न देण्याचा. पोटाची सबब सांगून माणूस खोटा होतो, तसाच ‘हे काही पोटासाठी नाही’ ही सबब सांगून आळशी होतो. त्याला ‘नको’ म्हणताना मी त्याच्या छंदाची काळजी वाहत होतो, की माझ्या भित्रेपणाला सोबत शोधत होतो? उत्तर मला आवडणारे नाही.

आमच्याच तालुक्यात कोंभाळणे म्हणून गाव आहे. तिथल्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणे जपले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा सारा महाराष्ट्र त्यांना ओळखू लागला. त्यांच्या बियाणे बँकेची रीत अशी, की मूठभर बी नेणाऱ्याने पीक आल्यावर दुप्पट परत करायचे. मला ही रीत फार बोलकी वाटते. बी नुसते मडक्यात ठेवले, तर काही वर्षांनी ते मरते. त्याला शेतात, पावसात, लोकांच्या हातात जावेच लागते. पण सगळेच बी दळून खाल्ले, तर पुढच्या वर्षी पेरायला काही उरत नाही. छंदाचेही तसेच असावे. तो कपाटात राखून जगत नाही, आणि सगळा विकूनही जगत नाही. काही बी बाजूला काढून ठेवावे लागते.

मी पुन्हा त्याच्या घरी गेलो. तो म्हणाला, “सर, सोडतोच आता नोकरी. दोन गाई आहेत, त्या विकतो. कंप्रेसर घेईन आणि भाग धुवायचं मशीन घेईन.”

मी म्हणालो, “नोकरी सोड. मी मागे सांगितलं ते चुकलं. पण गाई विकू नकोस.”

त्याला कळेना. मी म्हटले, “अरे, पुण्याच्या माणसाला तू नाही म्हणालास, तेव्हा तुझ्या पाठीशी पगार उभा होता. उद्या तुझ्या पाठीशी कोण? दुधाच्या पैशांत मीठ-मिरची भागली, तर तुझी जीभ मोकळी राहील. मशीन पुढच्या वर्षी घे. तोवर हाताने धू. आणि गावात भाड्याचा गाळा घेऊ नकोस. पार्सलाला पडवी चालते.”

बायको दाराशी उभी होती. ती म्हणाली, “हेच मी म्हणत होते.” मग चहा झाला.

खरेपणा ही मनाची गोष्ट आहे, असे आपण मुलांना शिकवतो. ते अर्धेच खरे आहे. मन पुष्कळांचे चांगले असते, ऐपत नसते. महिन्याचा हप्ता डोक्यावर असलेल्या भल्या माणसाला ‘नाही’ हा शब्द फार महाग पडतो. म्हणून ज्याला आपल्या आवडीच्या कामावर जगायचे आहे, त्याने आधी आपल्या गरजा मोजाव्यात. त्या जितक्या कमी, तितका त्याचा शब्द खरा राहण्याची शक्यता जास्त. साधेपणाची थोरवी संतांनी सांगितली ती मोक्षासाठी. मला ती पडवीतल्या दुकानासाठीही तितकीच खरी वाटते.

गेल्या पाडव्याला तो नवी वही घेऊन माझ्याकडे आला. “पहिलं पान तुम्ही लिहा, सर.” मी कुंकवाने ‘शुभ’ लिहिले, ‘लाभ’ लिहिले. त्याने शेवटचे पान उघडले आणि म्हणाला, “इथेही एक नाव घाला. ज्यांचं काम निघालं नाही, त्यांच्यासाठी.” मी लिहिले: ‘दोष नाही, परत पाठवले.’

यंदा पुन्हा पाडवा आला आहे. धंदा जेमतेम चालतो. मशीन अजून आलेले नाही, गाई गोठ्यात आहेत. त्या शेवटच्या पानावर वर्षभरात अकरा नोंदी झाल्या. वही त्याची बायको सांभाळते. परवा तिने मला ती दाखवली. अकराही नोंदींसमोर, घेतले असते तर किती पैसे मिळाले असते, तो आकडा तिने लिहिला आहे, आणि खाली बेरीज केली आहे. मला वाटले, ही आता नवऱ्याला बोल लावणार.

“ही बेरीज कशासाठी ग?” मी विचारले.

“खर्चात धरते, सर,” ती म्हणाली. “भाडं धरतात, वीजबिल धरतात, तसं हे. आधीच धरून ठेवलं, म्हणजे ऐन वेळी जड जात नाही.”