पॉइंटरला विचारता येणारा एकच प्रश्न

सी भाषेत हातातल्या पॉइंटरला एवढंच विचारता येतं: तू नल आहेस का? ‘नाही’ असं उत्तर आलं, तरी फारसं काही कळत नाही. तो ज्या मेमरीकडे बोट दाखवतोय ती मघाशीच फ्री झालेली असेल, किंवा सुरुवातीला किंमतच न दिल्यानं त्यात कुठला तरी शिळा आकडा पडून असेल. तरीही आपण ‘इफ’ लिहितो आणि निर्धास्त होतो.

मेमरी मागणाऱ्या आणि ती न मिळाल्यास नल परत करणाऱ्या मॅलॉकच्या बाबतीत हा निर्धास्तपणा आणखी पोकळ. लिनक्स एरवी मेमरी सढळ हातानं कबूल करतं; प्रत्यक्षात देतं ते प्रोग्राम तिथं पहिल्यांदा लिहायला जातो तेव्हा. तोवर मेमरी संपली, तर नल परत करण्याची वेळ टळून गेलेली असते. मग ‘ओओएम किलर’ एखादी प्रोसेस मारतो, आणि ती मागणारीच असेल असंही नाही. ‘मग तपासायचंच कशाला?’ असं म्हणणारे यावरून भेटतात. मला ते पटत नाही. मायक्रोकंट्रोलरवर मोजके किलोबाइट असतात, सर्व्हरवर युलिमिटची मर्यादा असते, आणि किती मेमरी मागायची हे बाहेरून आलेली फाइल ठरवत असेल तर मागणी अवाढव्यही होते. तिथं नल खरोखर येतो.

आल्यावर काय करायचं, हा अवघड भाग. जीएनूच्या साधनांतलं एक्समॅलॉक सरळ संदेश छापून प्रोग्राम बंद करतं. छोट्या कमांडला ते शोभतं, लायब्ररीला नाही. तिनं घेतलेलं सगळं सोडून अपयश वर कळवावं. लिनक्स कर्नलमध्ये त्यासाठी गोटू सर्रास दिसतो: घेतलं त्याच्या उलट क्रमानं सोडत खाली उतरायचं. (गोटूला नाकं मुरडणाऱ्यांनी तो कोड जरूर वाचावा.) घेतलेल्या ब्लॉकचा आकार बदलणारा रिअ‍ॅलॉक तर तपासणाऱ्यालाही फसवतो. त्याला मेमरी मिळाली नाही तरी जुना ब्लॉक शाबूत असतो. पण उत्तर त्याच पॉइंटरमध्ये घेतलं, की नल तपासायला मिळतो आणि ब्लॉकचा पत्ता कायमचा जातो.

तपासणी कुठं आहे याचं महत्त्व 2009 मध्ये लिनक्सच्या टन ड्रायव्हरनं दाखवलं. तिथं पॉइंटरमधून सॉकेट आधी काढलं होतं आणि पॉइंटर नल आहे का हे नंतर पाहिलं होतं. जीसीसी या कंपायलरनं हिशेब केला: पॉइंटर वापरून झालाय, म्हणजे तो नल नाहीच. त्यानं तपासणी काढून टाकली. कोडमध्ये ती सगळ्यांना दिसत होती, चालणाऱ्या कर्नलमध्ये नव्हती, आणि त्या फटीतून रूटचे अधिकार मिळवता आले. पुढं कर्नल कंपाइल करताना जीसीसीला अशा तपासण्या काढण्याची मनाई करणारा पर्याय घातला गेला. ड्रायव्हरमधली दुरुस्ती मात्र एवढीच होती: सॉकेट काढण्याची कृती तपासणीच्या खाली गेली.