छप्पन्नाव्या मिनिटाची चकली

छप्पन्नाव्या मिनिटाला एक चकली खाल्लीस. बरं. मग? मग डबा संपवलास.

मला एवढंच सांग, यातला गुन्हा कोणता? ती एक चकली की पुढचा डबा? पहिली चकली भुकेपोटी गेली असेल, चवीपोटी गेली असेल, नाहीतर जाऊबाईंच्या आग्रहापोटी. पुढचा डबा कोणी भरवला? कोणीही नाही. "आता मोडलंच आहे तर मोडलं" असं मनाशी म्हणालीस आणि मांडी ठोकून बसलीस. आणि वर मला फोन करून सांगतेस, "बाई, माझ्यात मनोनिग्रहच नाही." खोटं. साफ खोटं.

पाच वर्षं तुला गणित शिकवलंय मी. उत्तर येत असूनही तू हात वर करायची नाहीस, कारण शेवटची पायरी शंभर टक्के पक्की नसायची. मागच्या बाकावरची कार्टी चुकीची उत्तरं ओरडून ओरडून शिकली. तू गप्प बसून पहिली आलीस, म्हणून तेव्हा खपून गेलं. आता चाळिशीत तीच खोड पोटावर बसली आहे.

दीक्षितांचं डाएट केलंस. डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी सांगितलेलं सोपं होतं: दिवसातून दोनदाच जेवायचं, ५५ मिनिटांच्या आत उठायचं. २०१८च्या आसपास अख्खा महाराष्ट्र घड्याळ लावून जेवत होता. तू तर मोबाइलवर गजरच लावलास. गजर झाला, चकली तोंडात गेली, डाएट संपलं. मग आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर. तूप-भात खा, घरचं खा, थोडं थोडं पण वेळेवर खा. तेही तीन आठवडे. एके दिवशी चार वाजताचं खाणं ऑफिसच्या मीटिंगमुळे सहाला गेलं आणि तू वडापाव घेऊन मोकळी झालीस. त्या दोघांचं आपसात पटत नाही, ते त्यांचं ते बघतील. तुझं दोघांशीही पटलं नाही, हे विशेष! एक म्हणतं दोनदा खा, दुसरं म्हणतं दर दोन तासांनी खा. इतके उलटे दोन रस्ते, आणि तू दोन्हीकडे एकाच ठिकाणी बसकण मारलीस: पहिला नियम मोडला तिथे. मग खोट रस्त्यात आहे का?

ही खोड फक्त तुझीच आहे असा गर्वही करू नकोस. १९७५ साली हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी काही मुलींना आधी मिल्कशेक पाजला आणि मग "चव कशी आहे सांगा" म्हणून आइस्क्रीम पुढे ठेवलं. खाण्यावर कसलाच निर्बंध नसलेल्यांचं पोट भरलं होतं; त्यांनी आइस्क्रीम कमी खाल्लं. ज्या एरवी मोजूनमापून खायच्या, त्यांनी मात्र मिल्कशेकनंतर आणखी जास्त खाल्लं. पथ्य बुडालंच आहे, तर मग हात का आखडा? तुझी चकली पन्नास वर्षं जुनी आहे, कळलं?

आता वही काढ. गणित आहे, त्यामुळे रडायचं नाही.

तुझं कडक डाएट. रोज १,००० कॅलरी कमी. पोळी बंद, भात बंद, संध्याकाळी नुसतं सूप. दहा दिवस टिकतं. किती झाले? वजा १०,०००. मग कोणाच्या तरी बारशाला जिलबी खातेस, आणि उरलेले एकवीस दिवस "पुढच्या एक तारखेपासून" म्हणत रोज ५०० जास्तीच्या. अधिक १०,५००. महिनाअखेर बेरीज सांग. दहा दिवस चिडचिड करून, घरात सगळ्यांवर खेकसून, ट्रेनमध्ये चक्कर येईपर्यंत उपाशी राहून तू ५०० कॅलरीने पुढेच गेलीस. आता तुझी ती मैत्रीण घे, दहावीला दुसरा वर्ग मिळालेली. एक पोळी कमी, चहात साखर निम्मी, रात्री जेवून आळीला एक फेरी. कधी करते, कधी नाही. सरासरी रोज २०० कमी धर. एकतीस दिवसांचे ६,२००. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी. तिचा पाऊण किलो गेला, आणि तिने बारशाची जिलबीही खाल्ली. शरीर वहीतल्यासारखं काटेकोर चालत नाही, मान्य. पण उत्तराचं चिन्हही बदलत नाही. अधिक ते अधिक, वजा ते वजा.

आणि त्या काट्यावर रोज सकाळी चढून रडणं बंद कर. लग्नाहून आलीस, दुसऱ्या दिवशी दीड किलो वाढलं म्हणून दिवसभर तोंड पाडून बसलीस. अगं, दीड किलो चरबी एका रात्रीत चढायला साडेअकरा हजार कॅलरी जास्तीच्या खायला लागतील. पंगतीत बसली होतीस की पंगत गिळून आलीस? ते पाणी आहे. लोणचं-पापडाचं मीठ पाणी धरून ठेवतं. भात-जिलबीची साखर शरीरात साठते ती एका ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी घेऊन. चार दिवसांत उतरतं. पण तू चार दिवस थांबशील तर ना! तुला संध्याकाळपर्यंत निकाल हवा, आणि तो नापासचा लागला की लगेच आइस्क्रीम.

"मला लग्नातलं वजन हवंय, बरोब्बर ५५." का? त्या आकड्याला कोणी शेंदूर फासला आहे? पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, आपल्या याज्ञिकांच्या अंगात २१.२. काट्याला दोघे सारखेच. म्हणून आपल्याकडच्या बाईने कंबरही मोजावी, ८० सेंटिमीटरच्या आत राहिली तर बरं. शिवणाच्या डब्यात टेप आहे ना? महिन्यातून एकदा. रोज नाही. तुझा काय भरवसा, सकाळ-संध्याकाळ मोजून आलेख काढशील.

दहा हजार पावलांचं खूळही असंच. १९६५मध्ये जपानात पावलं मोजायचं एक यंत्र विकायला काढलं, त्याच्याबरोबर हा गोल आकडा जगभर गेला. रात्री मोबाइल ६,२०० दाखवतो आणि तू म्हणतेस, "आजचा दिवस वाया." अमेरिकेत म्हाताऱ्या बायकांचा एक मोठा अभ्यास २०१९मध्ये आला. दिवसाला २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि साडेसात हजारांच्या पुढे फारसा फरक पडत नव्हता. तुझ्या ६,२००ला हसणारं जगात कोणी नाही. तूच आहेस.

तुला झेपत नाही असं म्हणू नकोस, मला राग येतो. नालासोपाऱ्याहून चर्चगेटला रोज जाणारी बाई तू. बसायला मिळावं म्हणून आधी उलटी विरारला जातेस. फास्ट चुकली तर स्लो पकडतेस. स्लो रखडली तर बोरिवलीला बदलतेस. गर्दीत उभ्याने मटार सोलतेस. २०१८च्या जुलैत रूळ पाण्याखाली गेले, गाड्याच बंद पडल्या. पाणी ओसरल्यावर "आता हे वर्ष बुडालंच, पुढच्या जूनपासून कामावर जाईन" असं म्हणालीस का? दुसऱ्या दिवशी पर्स छातीशी धरून फलाटावर उभी होतीस. एक गाडी चुकली म्हणून नोकरी न सोडणारी तू, एक जेवण चुकलं म्हणून महिना सोडतेस. तडजोड येते तुला. आमच्यापेक्षा चांगली येते. ताटापाशी आलीस की मात्र महाराणी होतेस.

आणि मुहूर्त! गणपती होऊ दे. मग पितृपक्षातली खीर. मग नवरात्राचे उपास, म्हणजे साबुदाण्याची खिचडी तुपात भिजवून. मग दिवाळी. मग शेजारच्या ख्रिस्ती घरातून नाताळचं ताट येतं, ते परत कसं पाठवायचं? संक्रांत, लग्नसराई, आंबे. मग पाऊस, पावसात चालणार कुठे, आणि भजी कोण सोडणार? बिनसणाचं वर्ष महाराष्ट्रात उगवत नाही, वसईत तर नाहीच. इथे एका आळीत दोन-दोन धर्मांचे सण नांदतात. तुला कोरी दिनदर्शिका हवी आहे. ती मेल्यावर मिळते.

सुरुवातही साधी नको. स्टेशनपर्यंत रिक्षा करणाऱ्या बाईने डिसेंबरच्या वसई-विरार महापौर मॅरेथॉनला नाव घातलं ते थेट अर्ध्या मॅरेथॉनला. २१ किलोमीटर! बूट आणलेस, त्यांचा फोटो मला पाठवलास, बूट अजून खोक्यात. मग ठरवलंस की रोज पहाटे पाचला विरारच्या जीवदानी देवीच्या पायऱ्या चढायच्या. हजारावर पायऱ्या, एका दमात. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी गुडघा. किनोआ, चिया, ऑलिव्ह तेल, ग्रॅम मोजायचा काटा, हे सगळं ओट्यावर मांडून झालं. वसईच्या मातीतला पालेभाजीचा जुडा स्टेशनबाहेर विकायला ठेवलेला असतो, त्याच्यासमोरून मात्र तरातरा निघून जातेस. त्याला डब्यावर लेबल नाही ना!

मला विचारशील तर तुझ्या या परिपूर्णतेचं खरं काम वेगळंच आहे. ती तुला सुटी देते. नियम इतका कडक करायचा की तो मोडलाच पाहिजे, आणि मोडला की महिनाभर मोकळं. वरून म्हणायला मोकळी, "माझं एकतर सगळं, नाहीतर काहीच नाही." आळशी बाई निदान स्वतःला आळशी म्हणते. तू आळसाला पैठणी नेसवून मिरवतेस.

तुझ्या रिपोर्टवर साखर काठावर आली आहे, म्हणून मी एवढं तोंड टाकते आहे; कंबर दिसायला कशी आहे याच्याशी मला देणंघेणं नाही. म्हणून हे नीट ऐक. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी यांनी तुझ्यासारख्याच काठावरच्या माणसांवर केलेलं काम २००६ साली छापून आलं. एका गटाला नेहमीचा सल्ला. दुसऱ्याला रोज अर्धा तास भराभर चालणं, साखर-मैदा-तेल कमी. तीन वर्षांत पहिल्या गटात शंभरातल्या ५५ जणांना मधुमेह झाला, दुसऱ्यात ३९ जणांना. आणि या दुसऱ्या गटाच्या वजनात म्हणावा असा फरक पडला नव्हता! परत वाच. काटा जागेवर, तरी आजार लांबला. तू असतीस तर तिसऱ्याच आठवड्यात "काही उपयोग नाही" म्हणून घरी बसली असतीस, आणि त्या ५५मध्ये मोजली गेली असतीस.

एखादा दिवस चुकला तर? चुकू दे. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी सवयी कशा लागतात ते तपासलं. कोणाला १८ दिवस लागले, कोणाची सवय पक्की व्हायला २५४ लागतील असा हिशेब निघाला; मध्यक ६६ धर. मधला एखादा दिवस बुडला तर सवयीच्या वाढीवर म्हणावा तसा परिणाम दिसला नाही. चुकलेल्या दिवसानंतर तू काय करतेस, घोडं तिथेच पेंड खातं. चकली झाली? डब्याला झाकण लाव, पाणी पी, रात्री नेहमीचं जेव. उपाशी राहून प्रायश्चित्त घ्यायचं नाही. प्रायश्चित्तानेच पुढचा डबा उघडतो.

घरातल्यांचं मला माहीत आहे. उरलेला भात फेकवत नाही म्हणून तूच संपवतेस, आणि रात्री फिरायला निघालीस की कोणाला तरी नेमका चहा हवा असतो. त्यांची कानउघाडणी मी वेगळी करेन, ते काम माझ्यावर सोड. भात मात्र एक वाटी कमी लाव, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. थायरॉइडची तपासणी राहिली आहे ना? ती करून घे. गुडघा दुखतो तर पायऱ्या सोड, सपाट रस्त्याने चाल, सुरुचीच्या किनाऱ्यावर जा. पंधरा मिनिटं. सात झाली तर सात.

आणि हे वाचून आज रात्री "परिपूर्णता सोडण्याचा तीन महिन्यांचा आराखडा" असा नवा तक्ता आखायला बसू नकोस. चार रंगांची पेनं काढशील, ओळखून आहे मी तुला. तक्ता केलास तर मला दाखवायला आणू नकोस.

रविवारी तशीच ये. स्टेशनपासून माझं घर चालत वीस मिनिटांवर आहे. अर्ध्या वाटेत दम लागला तर पुढे खुशाल रिक्षा कर, आणि दारात आल्या आल्या "बाई, मी शेवटी रिक्षाच केली" म्हणून तोंड पाडून उभी राहू नकोस. चहा मिळेल. साखर घालून, अर्धा चमचा.