जमीन, गोतावळा आणि छायाचित्र

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात आणि त्याला लागून असलेल्या सपाट गवताळ मुलखात, म्हणजे आयोवा, इलिनॉय, मिनेसोटा, नेब्रास्का, कॅन्सस या राज्यांत, उन्हाळ्याच्या सुटीत कुटुंबमेळावे भरतात. एका पणजोबा-पणजीचे सगळे वंशज, त्यांचे जावई, सुना आणि लेकरे असा गोतावळा एखाद्या शेतघराच्या अंगणात, गावच्या बागेतील छपराखाली किंवा चर्चच्या सभागृहात जमतो. प्रत्येक घर आपापला पदार्थ घेऊन येते. भिंतीवर वंशवृक्षाचा तक्ता लागतो. अनेक मेळाव्यांत प्रत्येक शाखेला वेगळ्या रंगाचे टी-शर्ट वाटले जातात, म्हणजे कोण कोणाचा हे लांबूनच कळते. दिवसात केव्हातरी सर्वांना एका जागी उभे करून छायाचित्र घेतले जाते. जेवण आणि खेळ काही वर्षांत आठवणीतून पुसट होतात, ते छायाचित्र घरोघर राहते.

या छायाचित्राचे मोल समजण्यासाठी आधी त्या जमिनीची घडण समजून घ्यावी लागते. 1785 च्या कायद्याने इथल्या जमिनीची चौरस मोजणी सुरू झाली. सहा मैल लांब-रुंद चौरसाचे 36 भाग, प्रत्येक भाग एक चौरस मैलाचा, म्हणजे 640 एकरांचा. आजही रस्ते बहुतेक ठिकाणी दर मैलाला एकमेकांना काटकोनात छेदतात. 20 मे 1862 रोजी अध्यक्ष लिंकन यांनी होमस्टेड कायद्यावर सही केली. पाच वर्षे त्या जागी राहून जमीन कसणाऱ्याला 160 एकर, म्हणजे या चौरस मैलाचा चौथा हिस्सा, किरकोळ शुल्कात मालकीचा होऊ लागला. जर्मन, नॉर्वेजियन, स्वीडिश, चेक कुटुंबे आली. भाऊ-भाऊ, सासरा-जावई अनेकदा शेजारशेजारचे तुकडे घेत. पहिल्या पिढीला भेटण्यासाठी मेळाव्याची गरज नव्हती, बांध ओलांडला की नातेवाईक भेटत.

पुढे हे चित्र पालटले. 1935 च्या सुमारास अमेरिकेत सुमारे 68 लाख शेते होती. 2022 च्या कृषिगणनेत ती सुमारे 19 लाख उरली. ट्रॅक्टर, मळणीयंत्रे आणि संकरित बियाणे यांमुळे थोड्या माणसांना जास्त जमीन कसता येऊ लागली, लहान शेते मोठ्यांत मिसळली आणि मुले शिकागो, ओमाहा, डेन्व्हर, कॅलिफोर्नियाकडे गेली. एखादे भावंड जमिनीवर राहिले, बाकीचे पांगले. दक्षिणेतील कृष्णवर्णीय कुटुंबांची ताटातूट आणखी जुनी आणि अधिक वेदनेची होती. गुलामगिरीत विकल्या गेलेल्या आप्तांचा शोध 1865 नंतर वर्तमानपत्रांतील जाहिरातींतून घेतला जाई. पुढे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून 1970 पर्यंत सुमारे 60 लाख कृष्णवर्णीय लोक दक्षिण सोडून उत्तरेकडे आणि पश्चिमेकडे गेले. त्यांचे उन्हाळी मेळावे आजोबांच्या गावाकडे परतण्याचे निमित्त ठरले. एकत्र राहणे संपल्यानंतर मेळावे सुरू होतात. कुटुंबाला बांधून ठेवण्याचे जे काम जमीन करत होती, त्याचा मोठा वाटा आता छायाचित्राने उचलला आहे. म्हणून ते काळजीपूर्वक काढले जाणे महत्त्वाचे आहे.

मेळाव्याचा काळ शाळेइतकाच पिकांवरही ठरतो. शाळा जून ते ऑगस्टच्या दरम्यान बंद असतात. कॅन्ससमध्ये हिवाळी गव्हाची कापणी जूनपासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत चालते, त्या दिवसांत शेतकऱ्याला पाहुण्यांकडे बघायला उसंत नसते. आयोवात मका आणि सोयाबीनची पेरणी साधारण मेपर्यंत उरकते आणि काढणी सप्टेंबरपासून सुरू होते. मधला जुलै त्यामानाने मोकळा असतो आणि 4 जुलैचा स्वातंत्र्यदिन हाताशी असतो. त्या दिवसापर्यंत मका गुडघाभर झाला तर पीक चांगले, असे जुने लोक म्हणत. आजची वाणे तोवर बरीच उंच झालेली असतात. जुलैअखेरच्या छायाचित्रात माणसांमागे तुरा आलेल्या मक्याची भिंतच उभी असते. तारीख लिहिलेली नसली तरी पिकाची उंची पाहून जाणकार महिना ओळखतो.

या मुलखातील सुरुवातीच्या कौटुंबिक छायाचित्रणात सॉलोमन बुचर या माणसाचे नाव ठळक आहे. 1886 मध्ये त्याने नेब्रास्काच्या कस्टर काउंटीतील वसाहतकऱ्यांचा सचित्र इतिहास तयार करण्याचे मनावर घेतले आणि घोडागाडीत कॅमेरा टाकून तो घरोघर हिंडला. झाडे नसल्याने लोकांनी गवताच्या मुळांनी घट्ट झालेल्या मातीचे ठोकळे कापून घरे बांधली होती. आत अंधार असे आणि कॅमेऱ्यातील काचेच्या निगेटिव्हना भरपूर उजेड लागे, म्हणून कुटुंब अंगणात बसे. सोबत गाय, घोडे, कलिंगडे, शिवणयंत्र, जे म्हणून कष्टाने मिळवले ते सगळे चौकटीत येई. एका कुटुंबाने तर घरातील ऑर्गन अंगणात आणून त्याच्या शेजारी उभे राहून छायाचित्र काढून घेतले. चार क्रिसमन बहिणींचे 1886 मधील छायाचित्र विशेष प्रसिद्ध आहे. मातीच्या घरासमोर उभ्या असलेल्या या बहिणींकडे पाहताना स्त्रियाही स्वतःच्या नावावर जमिनीचा हक्क सांगू शकत होत्या हे उमगते. बुचरच्या तीन हजारांहून अधिक निगेटिव्ह आज नेब्रास्काच्या राज्य इतिहास संस्थेकडे आहेत. कुटुंब आणि त्याची जमीन एकाच चौकटीत बसवण्याची त्याची रीत पुढे मेळाव्याच्या छायाचित्रात टिकली.

कॅमेरा कुटुंबाच्या स्वतःच्या हाती आला तो जॉर्ज ईस्टमनमुळे. त्याचा 1888 चा कोडॅक कॅमेरा 25 डॉलरना मिळे. त्यात शंभर छायाचित्रांची फिल्म भरलेली असे आणि ती संपली की धुण्यासाठी कॅमेराच रॉचेस्टरच्या कारखान्यात पाठवावा लागे. 1900 मध्ये एक डॉलरचा ब्राउनी आला आणि शेतकऱ्याच्या मुलांच्या हातीही कॅमेरा पोचला. आता समोर बसलेली माणसे आणि टिपणारा यांच्यात नाते होते. त्यामुळे चेहऱ्यांवरचा ताठरपणा गेला, पण टिपणारा स्वतः छायाचित्रातून गायब झाला. अनेक कुटुंबांच्या आल्बममध्ये एखादी मावशी किंवा काका वर्षानुवर्षे दिसत नाहीत, कारण कॅमेरा त्यांच्याच हातात होता.

1935 पासून रॉय स्ट्रायकर यांच्या देखरेखीखाली सरकारी छायाचित्रकारांनी महामंदीतील शेतीमुलखाची दैना नोंदवली. आर्थर रॉथस्टाइन यांनी 1936 मध्ये ओक्लाहोमात टिपलेले धुळीच्या वादळातले बाप-लेक त्यातलेच. ती बाहेरून आलेल्या माणसाची नजर होती. आपल्याच गावी परतलेल्याची नजर राइट मॉरिस यांच्याकडे होती. नेब्रास्कात जन्मलेल्या या लेखकाने नॉरफोकजवळच्या आपल्या काकांच्या शेतावर कॅमेरा नेला आणि 1948 मध्ये ‘द होम प्लेस’ हे पुस्तक काढले. एका पानावर मजकूर, समोर छायाचित्र. त्या छायाचित्रांत चेहरे जवळजवळ नाहीत. झिजलेली खुर्ची, पलंग, हत्यारे, कोठारात शिरणाऱ्या काकांची पाठ एवढेच दिसते. वापरून वापरून वस्तूंवर माणसाचा ठसा उमटतो आणि तो टिपला की माणूसही टिपला जातो, हे मॉरिस यांनी दाखवून दिले. मेळाव्याला जाणाऱ्याने त्यांच्यापासून शिकावे असे हेच.

रंगाचा काळ कोडॅक्रोमने आणला. 35 मिलिमीटरची ही फिल्म 1936 मध्ये बाजारात आली. अंधारात ठेवलेल्या तिच्या स्लाइडमधील रंग दीर्घकाळ टिकतात, याउलट साठ-सत्तरच्या दशकातील अनेक रंगीत प्रती लालसर पडल्या आहेत. कोडॅकने 2009 मध्ये ही फिल्म बंद केली. ती धुणारी जगातील शेवटची प्रयोगशाळा कॅन्ससमधील पार्सन्स या छोट्या गावात होती आणि शेवटचे रोल तिने 30 डिसेंबर 2010 पर्यंत स्वीकारले.

प्रत्यक्ष छायाचित्रणाची सुरुवात प्रवासातच होते. काउंटीच्या नावाची पाटी, गावाचे नाव रंगवलेले धान्याचे उंच कोठार, खडीचा रस्ता, पत्रपेटी या गोष्टी जागा निश्चित करतात. दफनभूमीतील पणजोबांचा दगड सकाळी किंवा संध्याकाळी टिपावा. तिरप्या उन्हात झिजलेली अक्षरेही उठून दिसतात, डोक्यावरच्या उन्हात ती वाचता येत नाहीत.

समूहछायाचित्राची मोठी अडचण उन्हाची असते. सगळे जण दुपारच्या जेवणाला हमखास जमतात आणि तेव्हाच ऊन सर्वांत कडक असते. बियाणे कंपन्यांच्या टोप्यांखाली पुरुषांचे डोळे दिसेनासे होतात. झाडाखाली नेले तर पानांतून झिरपणाऱ्या कवडशांनी चेहरे ठिपक्याठिपक्यांचे होतात. यावर जुना उपाय कोठाराचा आहे. भर दुपारी त्याच्या उत्तरेला आणि नंतर पूर्वेला मोकळी, एकसारखी सावली पडते. संध्याकाळपर्यंत थांबता आले तर उत्तमच. जूनअखेर आयोवात सूर्य साडेआठनंतर मावळतो आणि त्याआधीचा तासभर उजेड मऊ असतो. पण तोवर लहानगी पेंगुळतात आणि लांबचे लोक निघून जातात, म्हणून बहुतेक कुटुंबांनी जेवणाआधीचीच वेळ धरावी.

सर्वांत वयस्कर माणसे मध्यभागी खुर्चीवर, मुले पुढे गवतावर, उरलेले मागे गवताच्या गासड्यांवर किंवा उभे, ही मांडणी चांगली. शाखावार उभे केले तर छायाचित्र वंशवृक्षासारखे वाचता येते. कॅमेरा शिडीवर किंवा गवताच्या गाडीवर चढवून किंचित वरून धरला की मागच्या रांगेतील चेहरेही दिसतात. तीन रांगा स्पष्ट येण्यासाठी कॅमेऱ्याचे छिद्र (अ‍ॅपर्चर) f/8 च्या आसपास ठेवावे. कोणीतरी डोळे मिटतेच, म्हणून आठ-दहा वेळा टिपावे. शेवटी कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून टिपणाऱ्यानेही रांगेत यावे.

एकाच क्रमाने दरवेळी काढलेल्या छायाचित्रांची ताकद छायाचित्रकार निकोलस निक्सन यांनी दाखवली. 1975 पासून चार दशकांहून अधिक काळ त्यांनी आपली पत्नी आणि तिच्या तीन बहिणी यांचे दरवर्षी एक छायाचित्र केले, बहिणींचा क्रम कधी बदलला नाही. मेळाव्यातही असाच क्रम ठेवला आणि दरवेळी कोठाराचा तोच कोपरा धरला तर मुले वाढताना, झाड मोठे होताना आणि मधली खुर्ची दुसऱ्या कोणाकडे जाताना दिसते.

उरते ते नावांचे काम आणि तेच सर्वाधिक राहून जाते. महाराष्ट्रातील अनेक कुळांनी कुलवृत्तांत छापले, कुलसंमेलने भरवली. त्या जुन्या ग्रंथांत नावे पिढ्यान्‌पिढ्या नोंदलेली असतात, चेहरे मोजकेच. अमेरिकी मेळाव्याच्या छायाचित्रात चेहरे असतात, पण नावे दोन पिढ्यांत हरवतात. दोन्ही एकत्र आणणे अवघड नाही. छायाचित्र काढल्याबरोबर एकाने वही घेऊन रांगेनुसार, डावीकडून उजवीकडे पूर्ण नावे लिहावीत, लग्न झालेल्या स्त्रियांची माहेरची नावेही. कागदी प्रतीच्या मागे मऊ पेन्सिलने लिहावे, पेनाची शाई पुढे उमटू शकते. डिजिटल फाइलच्या वर्णनात तीच यादी भरावी आणि प्रती दोन वेगळ्या घरी ठेवाव्यात. जुने चिकट पानांचे आल्बम छायाचित्रे खराब करतात, त्यांतून ती काढून घ्यावीत.

1899 मध्ये बुचरचे घर जळाले. काचेच्या निगेटिव्ह दुसरीकडे ठेवलेल्या असल्याने वाचल्या, परंतु वर्षानुवर्षे गोळा केलेल्या कुटुंबांच्या हकिकती जळाल्या. त्या त्याला पुन्हा जमवाव्या लागल्या आणि 1901 मध्ये कस्टर काउंटीचा इतिहास छापून निघाला. त्याला हे करता आले, कारण हकिकती सांगणारी माणसे तेव्हा हयात होती.