मतासाठी काय सोडलं?

नागपूरहून भंडाऱ्याकडे निघालं की कन्हान नदीकाठी मौदा लागतं. बाहेरच्यांना ते औष्णिक वीज केंद्रामुळे ठाऊक असतं. पूर्व विदर्भातल्या खेड्यापाड्यांत मात्र मौदा म्हणजे बाबा जुमदेवजींचा आश्रम. जुमदेवजी ठुब्रीकर १९२१ साली नागपुरात जन्मले आणि १९९६ साली गेले. ‘परमात्मा एक’ हा विचार त्यांनी चार तत्त्वं, तीन शब्द आणि पाच नियमांत बांधून दिला. सत्य, मर्यादा, प्रेम हे ते तीन शब्द.

देव एक आहे, हे मत महाराष्ट्राला नवं नाही. महानुभावांनी ते सांगितलं, जोतीराव फुल्यांनी ‘निर्मिक’ म्हणून सांगितलं. ऐकणारे माना डोलावतात आणि घरी जातात. जुमदेवजींच्या ‘मार्गात येणं’ ही गोष्ट निराळी. तिथे सासऱ्याच्या सासऱ्यापासून पूजलेले देव घरातून उचलावे लागतात. दारू, सट्टा, जुगार बंद करावा लागतो. देव उचलले तरी कोनाड्याच्या वर दिव्याच्या काजळीचा पट्टा राहतोच. चुन्याचा हात फिरवला तरी तो पुन्हा उमटतो. शेजारच्या गावात मार्गातल्या दुसऱ्या सेवकाच्या, म्हणजे अनुयायाच्या, घरी गेलं, की त्याच्याही भिंतीवर तोच पट्टा दिसतो. मग ओळख विचारावी लागत नाही. ‘नमस्कार’ झाला की चहा येतो, अडचण सांगता येते, लग्नाला माणसं धावतात.

माणसं एका मताची असतात म्हणून जिवाला जीव देतात, असं आपण समजतो. मला वाटतं, ती एकाच किमतीची असतात म्हणून देतात. रिचर्ड सोसिस आणि एरिक ब्रेसलर यांनी अमेरिकेतल्या एकोणिसाव्या शतकातल्या ८३ सामूहिक वसाहतींचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध केला. ज्या धार्मिक वसाहती सभासदांकडून जास्त त्याग मागत, त्या जास्त काळ टिकल्या. निधर्मी वसाहतींना तशाच कडक नियमांचा उपयोग झालेला दिसला नाही. त्यागाला पावित्र्याचा आधार लागतो, असा त्याचा अर्थ मी लावतो.

ज्या मतासाठी स्वतःचं काहीच सोडावं लागत नाही, त्याचं काय? हेन्री ताजफेल यांनी १९७०च्या सुमारास ब्रिस्टलमधल्या शाळकरी मुलांचे, त्यांना कोणत्या चित्रकाराची चित्रं आवडतात असं सांगून, दोन गट पाडले. मग पैसे वाटायला दिले. आपल्या गटाला चार पैसे कमी मिळाले तरी चालतील, पण समोरच्यापेक्षा जास्त मिळाले पाहिजेत, याकडे मुलांचा कल दिसला. पानठेल्यावरचं राजकारण याच जातीचं आहे. पक्षाचं मत बाळगायला खर्च नाही. मग निष्ठा सिद्ध कशी करायची? समोरच्याला शिव्या घालून. पोळ्याला एकाच तोरणाखाली बैल उभे करणारे चुलतभाऊ निवडणुकीनंतर एकमेकांच्या दारात जात नाहीत. इथेही किंमत मोजली जातेच, पण ती नात्यांतून वसूल होते.

मार्गातल्या घरांतही नाती ताणली जातात, हे झाकण्यात अर्थ नाही. सुनेचं माहेर कुळाचार पाळत असतं, तिकडच्या पूजेत ती बसत नाही, भाऊ रुसतो. पण त्याच घरात शनिवारची मजुरी भट्टीवर न जाता तिच्या हातात पडते. हे ज्या बाईनं पाहिलं आहे, तिला ‘ही अंधश्रद्धा की श्रद्धा’ असं विचारणाऱ्याला तिच्या बाजूनं काय पणाला लागलं होतं, हेच कळलेलं नसतं.

मला काळजी वाटते ती पुढच्या पिढीची. मार्गातल्या घरी जन्मलेल्या मुलानं देव उचललेले नाहीत, बाटली फोडलेली नाही. बापाचा अनुभव तो सेवकांच्या चर्चा बैठकीत ऐकतो. ती निष्ठा त्याला आयती मिळालेली असते. अशा वेळी तो बापासारखा रोज नियम पाळून ती पुन्हा कमावू शकतो, किंवा पानठेल्यावरच्या पोरांसारखा बाहेरच्यांवर डाफरून मिरवू शकतो. दुसरी वाट सोपी आहे, आणि तिच्यावर त्याला भरपूर सोबत मिळते.