नातवाच्या झाडाचा भाव

लक्ष्मीपूजनाला आपण हिशेबाच्या वहीला हळदकुंकू वाहतो. त्या वहीत एक हिशेब मांडून पाहावा. शंभर वर्षांनी एक लाख रुपये देणारे झाड आज कितीला घ्यावे? दरसाल शेकडा ५ चक्रवाढ व्याज धरले, तर सुमारे ७६० रुपयांना. ३ धरले, तर ५,२०० रुपयांना. झाड तेच, मातीही तीच. बदलला तो आपला धीर.

हा हिशेब वनशास्त्रात रुजला तो जर्मनीत. सॅक्सनीतील खाणींना लाकूड पुरेनासे झाले, तेव्हा खाणींचे एक अधिकारी हान्स कार्ल फॉन कार्लोविट्स यांनी १७१३ साली ग्रंथ लिहून बजावले, की वन पुन्हा वाढेल अशा बेताने तोडावे. पुढे १८४९ मध्ये मार्टिन फाउस्टमान या वनाधिकाऱ्याने निराळाच प्रश्न पुढे ठेवला. झाड उभे ठेवले म्हणजे झाडात आणि जमिनीत पैसा अडकतो. त्याचे व्याज कोण भरणार? झाडाच्या किमतीतली वाढ त्या व्याजाला पुरेनाशी झाली, की तोड करावी आणि पुन्हा लावावे. व्याज चढे, तर कुऱ्हाड लवकर. हे सूत्र लावणी-तोडीचे अनंत फेरे मोजते. भविष्याला ते विसरत नाही. मात्र प्रत्येक पुढच्या पिढीचे माप लहान करीत जाते.

हे न्यायाचे आहे काय? केंब्रिजचा तरुण गणिती फ्रँक रॅमझी याला १९२८ साली ते मुळीच पटले नाही. कुणी आपल्यानंतर जन्मले, एवढ्यावरून त्याचे सुख हलके कसे ठरावे?

पण ज्या घरी आज चूल पेटायची आहे, त्या घराला शंभर वर्षे थांबा म्हणून सांगणे हीही निर्दयताच. शिवाय झाड विकून आलेल्या पैशांतून विहीर बांधली, मुले शिकवली, तर नातवाचे भलेच होईल. तेव्हा व्याजाचा हिशेब खोटा नव्हे. परंतु पैशाने जे पुन्हा विकत आणता येत नाही, त्यालाही तोच भाव लावला, की तो अन्यायाचा होतो. डोंगरावरून वाहून गेलेली माती कोणत्या बाजारात मिळते?

सह्याद्रीतल्या गावांनी यावर आपल्यापुरता तोडगा काढला होता. सरपण, पाला, लाकूड यांसाठी रान होते. आणि एक तुकडा देवाच्या नावाने राखलेला, त्याला कुऱ्हाड लावायची नाही. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा इतरत्र दुर्मिळ झालेल्या वनस्पती तेथे तग धरून होत्या. गावाने आजची भूक नाकारली नव्हती. फक्त सगळेच रान वहीत लिहिले नव्हते.

वहीत काय लिहावे आणि काय वगळावे, हे गणित सांगत नाही. दरसुद्धा ते ठरवीत नाही. तो आपण ठरवतो, आणि ज्याच्या वाट्याचे आपण ठरवतो, तो बोलायला अजून जन्मलेला नसतो.