ओळख कोणाच्या हाती?

'मी कोण?' हा प्रश्न एकांतात स्वतःला विचारला की मोठी उदात्त उत्तरे सुचतात. तोच प्रश्न चारचौघांत दुसऱ्याने विचारला की उत्तर फार लहान होते : गाव, आडनाव, भाषा. आमच्या मते या लहान उत्तराकडे अधिक गांभीर्याने पाहिले पाहिजे. ते आपले एकट्याचे नसते. विचारणाऱ्याचाही त्यात वाटा असतो.

आपली नवी मुंबईच पाहा. १९७० साली सिडकोची स्थापना झाली. ठाणे व रायगड जिल्ह्यांतील ज्या गावांच्या जमिनींवर हे शहर वसले, तेथील आगरी-कोळी माणसे सरकारी कागदांत 'प्रकल्पग्रस्त' झाली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण परिसरात आंदोलन झाले, गोळीबारात आंदोलकांचे बळी गेले आणि त्या रुक्ष शब्दाला निराळेच तेज चढले. जमीन गेल्याची खूण असलेला शब्द हक्क मागण्याचे साधन झाला.

याच शहरातील चर्चमध्ये वसईचे, गोव्याचे, मंगळूरचे, केरळचे आणि नगरकडचे श्रद्धावंत एकाच बाकावर बसतात. त्यांच्यापैकीच 'ईस्ट इंडियन' हे नाव घ्या. मुंबई, साष्टी व वसई भागातील मूळ ख्रिस्ती लोकांना पूर्वी 'पोर्तुगीज ख्रिस्ती' म्हणत. नोकरीधंद्यासाठी गोव्याहून व मंगळूरहून ख्रिस्ती बांधव मुंबईत येऊ लागले, तेव्हा स्थानिकांना आपले वेगळेपण दाखवण्याची निकड भासली. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, त्यांनी हे नवे नाव धारण केले. पश्चिम किनाऱ्यावरच्या माणसांनी पूर्वेचे नाव घ्यावे, यात थोडा विनोद आहे खरा! परंतु नोकरीच्या चढाओढीतून आलेले ते नाव आज लुगडे, लग्नातील गाणी आणि बॉटल मसाला यांच्याशी इतके एकजीव झाले आहे की त्याला उसने म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.

संत पौलाचे उदाहरण याहून बोलके आहे. यरुशलेमेत पकडला गेल्यावर तो रोमी सरदाराशी ग्रीक भाषेत बोलतो व आपण तार्सस नगरचे नागरिक असल्याचे सांगतो. जमावापुढे त्यांच्याच हिब्रू भाषेत यहुदी म्हणून उभा राहतो. आणि फटके मारण्यासाठी बांधले जात असताना रोमी नागरिकत्व पुढे करतो. यांतले एकही सोंग नव्हते. तिन्ही नावे त्याची होती आणि कोणते केव्हा उच्चारावे, हे त्याच्या हाती होते.

हे भाग्य सर्वांच्या वाट्याला येत नाही. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातून आलेल्या दलित ख्रिस्ती माणसाचा विचार करा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार धर्मांतरानंतर तो अनुसूचित जातीत मोडत नाही. पुढे १९५६ मध्ये शीख व १९९० मध्ये बौद्ध बांधवांचा त्या आदेशात समावेश झाला. ख्रिस्ती बाहेरच राहिले. गावातील शेजारी त्याची जात विसरत नाहीत आणि कचेरी ती मान्य करत नाही. पौलाजवळ तीन नावे होती. याचे एक नाव दुसरेच वापरतात आणि त्याला मात्र ते कामाला येत नाही.

नेरूळ-वाशीच्या इमारतींत गावकुसाबाहेरचा वाडा नसतो. तरीही गाव विचारले असता फक्त तालुक्याचे नाव सांगून थांबणारे तरुण आम्ही पाहिले आहेत. गाव सांगितले की पुढचा प्रश्न कोणता येईल, हे त्यांना पक्के ठाऊक असते.

ओळख समाज घडवतो हे एकदा मान्य केले की व्यक्तीची जबाबदारी संपते, असे काही विचारवंतांना वाटते. आम्हांला ते पटत नाही. समाज म्हणजे कोणी तिऱ्हाईत नव्हे. चर्चच्या आवारात तो पुढचा प्रश्न विचारणारे आपणच असतो. लग्नाचे स्थळ आले की घरातील वडीलधारी मंडळी सहज विचारतात, "आपल्यातलेच ना?" त्या 'आपल्यात' वसई बसते, हल्ली गोवा आणि मंगळूरही बसते. नगर अजून क्वचितच बसते.