खापराला कूळ विचारताना

सप्टेंबर २०१९मध्ये हरियाणातल्या राखीगढी या हरप्पा संस्कृतीच्या स्थळावरच्या एका बाईच्या सांगाड्यावरून देशभर वाद पेटला. उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे आणि त्याचे प्रमुख डॉ. वसंत शिंदे. ६१ नमुने तपासले, तेव्हा कुठे एकातून वाचता येण्याजोगा डीएनए हाती लागला. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या या बाईत युरेशियाच्या गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांचा वारसा आढळत नाही, असे 'सेल' या नियतकालिकातल्या शोधनिबंधाने सांगितले. त्याच सुमारास 'सायन्स'मध्ये दुसरा निबंध आला. हा वारसा उपखंडात शिरला तो इसवी सनापूर्वी २००० ते १५०० या काळात, म्हणजे हरप्पा संस्कृतीची नगरे ओस पडू लागल्यावर, असे त्यात म्हटले होते. शिंदे यांचे नाव दोन्हीकडे लेखकांत आहे आणि दोन्ही निबंध एकमेकांशी जुळतात. पण पत्रकार परिषदेतून आणि मथळ्यांतून लोकांपर्यंत पोचले ते एवढेच की आर्य बाहेरून आलेच नाहीत, हे आता सिद्ध झाले.

एका सांगाड्यावर इतके ओझे लादणे अशास्त्रीय आहे. ती बाई मेली त्यानंतर पाचशे वर्षांनी कोण आले आणि कोण आले नाही, याची साक्ष तिची हाडे कशी देणार? ती कोणती भाषा बोलत होती हेही त्यांतून कळत नाही. हरप्पाची लिपी अजून कोणाला खात्रीने वाचता आलेली नाही. हाड, भाषा आणि मडके हे तीन स्वतंत्र साक्षीदार आहेत. एकाच्या तोंडी दुसऱ्याची साक्ष घातली की खटला बिघडतो, आणि आपल्याकडे तो वारंवार बिघडला आहे.

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये असे आपण म्हणतो, आणि शोधत मात्र तेच बसतो. पुण्यात तर हा वाद दीडशे वर्षे चालू आहे. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी'त भटांचे मूळ इराणात दाखवले, बळीला इथल्या रयतेचा राजा मानले आणि विष्णूच्या अवतारकथांतून स्वाऱ्यांचा इतिहास वाचला. तीस वर्षांनी, १९०३मध्ये, याच शहरातून टिळकांचा 'द आर्क्टिक होम इन द वेदाज' निघाला आणि आर्यांचे घर थेट उत्तर ध्रुवापाशी गेले. त्याआधी १८९३च्या 'ओरायन'मध्ये त्यांनी मृग नक्षत्रातल्या वसंतसंपाताच्या आधारे वैदिक काळ इसवी सनापूर्वी चार हजारांच्या घरात नेला होता. युरोपात घडलेली आर्यांची कल्पना दोघांनीही उचलली. एकाने तिच्यातून गुलामीची कारणे काढली, दुसऱ्याने प्राचीनतेचा अभिमान. जमिनीखालचा पुरावा दोघांच्याही समोर नव्हता. सिंधूखोऱ्यातल्या शोधाची घोषणा जॉन मार्शल यांनी केली १९२४ साली, तोवर दोघेही हयात नव्हते.

मला या परंपरेत सर्वांत विचार करायला लावतात ते आंबेडकर. १९४६चा त्यांचा 'हू वेअर द शूद्राज?' हा ग्रंथ फुल्यांच्या स्मृतीला अर्पण केलेला आहे, आणि त्याच ग्रंथात त्यांनी फुल्यांच्या मांडणीचा पाया, म्हणजे आर्यवंशाच्या स्वारीचा सिद्धांत, नाकारला आहे. शूद्रांच्या मुळाबद्दल त्यांनी स्वतःचीही एक उपपत्ती दिली आणि तिच्यावर वाद होऊ शकतो. पण वंश वेगळे म्हणून वर्ण वेगळे, हे समीकरण त्यांनी मोडले. त्याचा परिणाम मोठा आहे. जात ही परक्या टोळीने लादलेली गोष्ट नसेल, तर ती इथल्याच समाजाने घडवली आणि मोडण्याची जबाबदारीही त्याचीच. दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. माणसाचा हक्क त्याच्या पूर्वजांच्या वास्तव्यावर टांगला, तर उद्या एखाद्या प्रयोगशाळेचा अहवाल आला की तो हक्कही डळमळतो. फुल्यांनी अन्यायाविरुद्ध उचललेला प्रश्न शंभर टक्के खरा होता. त्याला इराणातून निघालेल्या टोळीच्या टेकूची गरज नव्हती.

मूळ शोधण्याची हौस शास्त्रज्ञांनाही सुटलेली नाही. डेक्कन कॉलेज १९३९ साली संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झाले आणि पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया तिथे आले. महाराष्ट्राचा लिखित इतिहासापूर्वीचा काळ उजेडात आणण्याचे श्रेय त्यांच्याकडे आणि त्यांच्या शिष्यांकडे जाते. नर्मदेकाठी, महेश्वरच्या समोरच्या तीरावर, नावडातोडीला त्यांना लांब तोटीचे वाडगे मिळाले. तशा तोटीची भांडी इराणातल्या सियाल्कला मिळाली होती. या साम्यावरून सांकलियांनी पश्चिम आशियाशी संबंध जोडला आणि आर्यांच्या आगमनाची शक्यताही मांडली. वाडग्याला तोटी असणे ही माहिती आहे; तोटीबरोबर माणसेही चालत आली हा तर्क आहे. घाट व्यापाऱ्याबरोबर येतो, सुनेबरोबर येतो, नुसत्या नकलेनेही येतो. सांकलियांसारख्या काटेकोर माणसालाही एका तोटीने इतक्या लांब नेले, यावरून त्या प्रश्नाची ओढ किती जबर आहे ते कळते.

दायमाबादचे उदाहरण याहून बोलके आहे. प्रवरेकाठच्या या गावात १९७४ साली एका शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणताना कांस्याच्या चार वस्तू सापडल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ, त्यावर उभा माणूस. चारही वस्तूंचे वजन मिळून साठ किलोंहून अधिक. काही पुरातत्त्वज्ञांनी त्या उत्तर हरप्पा काळातल्या ठरवल्या. धातूच्या घटकांवर काम करणारे डी. पी. अग्रवाल यांनी हरकत घेतली. या कांस्यात आर्सेनिकचे प्रमाण एक टक्क्याहून जास्त आहे, आणि ताम्रपाषाणयुगातल्या इतर वस्तूंत ते तसे आढळत नाही. मुळात वस्तू शास्त्रशुद्ध उत्खननात थरासह मिळालेल्या नाहीत, त्यामुळे त्या कोणत्या थरातल्या हे मातीही सांगू शकत नाही. हा वाद मला आदर्श वाटतो. दोन्ही बाजूंनी समोरच्याला खोडता येईल असे कारण दिले आहे. कोणाचे आडनाव, कोणाचा प्रांत, कोणाची अस्मिता यातले काहीही त्यात आलेले नाही.

आता इनामगाव. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी १९६८ ते १९८३ या काळात बारा हंगाम खणलेले हे गाव इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० असे नऊशे वर्षे नांदले. इथल्या मुलांच्या दफनांइतकी जवळीक वाटायला लावणारी गोष्ट मी दुसरी पाहिलेली नाही. हाताने घडवलेले राखी रंगाचे दोन कुंभ, तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले, त्यांत मूल, आणि खड्डा घराच्या जमिनीतच. जवळ लहान भांडी. मोठ्या माणसांना मात्र उताणे पुरले आहे आणि त्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले आहेत. मेलेल्याने परत चालत येऊ नये म्हणून तोडले असावेत, असा अर्थ लावला जातो. तो पटतोही. पण हा अर्थ आपण आजच्या भुताखेतांच्या समजुतींतून उसना घेतलेला आहे, इनामगावच्या कोणी तो लिहून ठेवलेला नाही.

एका पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात चार पायांचा, पोट फुगलेला मातीचा रांजण मिळाला. त्यात चाळिशीचा पुरुष बसलेल्या स्थितीत, पाय शाबूत. घर मोठे, शेजारी धान्याचे कोठार, दफन वेगळे. म्हणून हा गावचा प्रमुख, असे इनामगावच्या उत्खननकर्त्यांपैकी म. के. ढवळीकरांनी मांडले. बहुतेक तसे असेलही. पण पाय शाबूत असलेल्या एका माणसावरून, इनामगाव जिच्यात मोडते त्या सगळ्या जोर्वे संस्कृतीत सरदारकी होती असे सांगितले जाते, तेव्हा मी थांबतो. तो कोणी भगत असेल, वैदू असेल, गावच्या रीतीत न बसणाऱ्या मरणाने गेलेला माणूस असेल.

इसवी सनापूर्वी हजारच्या सुमारास या गावातली प्रशस्त चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. पाऊस कमी झाला, शेती खचली, लोक भटके पशुपालक झाले, असे स्पष्टीकरण बराच काळ प्रमाण मानले गेले. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी याच गावातल्या मुलांच्या हाडांचा अभ्यास करून २०११मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले आणि कोरड्या हवामानाच्या त्या गृहीतकालाच आव्हान दिले. मला इथे दुसरी एक गोष्ट अधिक खटकते. या गोल झोपड्या समजावून सांगताना आजच्या फासेपारध्यांच्या पालांचा दाखला दिला गेला. पुरातत्त्वात जिवंत समाजाचा दाखला देणे ही उपयुक्त पद्धत आहे, आणि पुण्याने तिच्यात मोलाचे काम केले आहे. पण पारध्यांचे दारिद्र्य तीन हजार वर्षांपूर्वीचे नाही. ब्रिटिश काळातल्या गुन्हेगार जमाती कायद्याने, जंगलबंदीने आणि गावोगावच्या पोलीस ठाण्यांनी ते घडवले आहे. त्यांच्या पालाला प्राचीन काळाचे चित्र म्हटले, की त्यांचा स्वतःचा इतिहास आपण पुसून टाकतो. दाखला देणाऱ्यांचा तसा हेतू नव्हता हे मान्य करूनही ही किंमत मोजली जाते.

लहान मुलांना न जाळता पुरण्याची चाल महाराष्ट्रातल्या अनेक जातींत आजही आहे. इनामगावचे कुंभ पाहून म्हणूनच मनात येते, हे आपलेच पूर्वज. भावना समजण्यासारखी आहे. पण लहान मूल घराजवळ पुरणारे समाज जगात इतरत्रही होते, आणि त्यांचा घोडकाठाशी काही संबंध नव्हता.

मूळ शोधूच नये, असे मी म्हणत नाही. कसे शोधावे याचा धडा डेक्कन कॉलेजमध्येच काम केलेल्या मानवशास्त्रज्ञ इरावती कर्व्यांकडे आहे. १९२०च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्याकडे डॉक्टरेट करायला गेल्या. कवटीच्या दोन बाजूंतला फरक वंशानुसार बदलतो, असे या मार्गदर्शकांचे गृहीतक होते. कर्व्यांनी कवट्या मोजल्या आणि तसा संबंध दिसत नाही असे लिहून दिले. पुढे पुण्यात त्यांनी मोजमाप सोडले नाही, प्रश्न बदलला. एकाच नावाने ओळखली जाणारी जात खरोखर एका रक्ताची आहे का? कुंभार म्हणवणारे अनेक गट आपापल्यात लग्ने करतात आणि त्यांचा परस्परांशी रक्ताचा संबंध असतोच असे नाही, हे त्यांनी दाखवले. ब्राह्मणांच्या आठ पोटजातींची के. सी. मल्होत्रा यांच्याबरोबर केलेली त्यांची तुलना १९६८मध्ये प्रसिद्ध झाली. समान दर्जा सांगणारे हे गट शरीराने समान नाहीत असे तीतून दिसले. मोजपट्टी हातात असूनही वंशाच्या गोष्टीला बळी न पडण्याचे धैर्य ते हेच.

पुरावा बदलला की मत बदलायचे, हेही पुणे जिल्ह्यातच पाहायला मिळते. जुन्नर तालुक्यातल्या बोरीला कुकडीच्या काठावर ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि त्याच्याशी निगडित दगडी हत्यारे. या राखेचे वय एका मापनात चौदा लाख वर्षे निघाले, दुसऱ्यात सहा लाख सत्तर हजार, आणि काहींच्या मते ती सुमात्रातल्या तोबा ज्वालामुखीची, म्हणजे जेमतेम पंचाहत्तर हजार वर्षांची. राख तीच, आकड्यांत जवळजवळ वीसपट तफावत. यावरून कोणी मोर्चा काढला नाही, कारण चौदा लाख वर्षांपूर्वीच्या माणसाची जात कोणाला लावता येत नाही. तीन-चार हजार वर्षांपूर्वीच्या माणसांबद्दलही याच शांतपणे बोलता यायला हवे.

जनुकशास्त्र एक गोष्ट मात्र बऱ्यापैकी ठामपणे सांगते, आणि ती मथळ्यांत येत नाही. २०१३ साली प्रिया मूरजानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार भारतातल्या गटांत मोठी सरमिसळ झाली ती सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी. आज स्वतःला शुद्ध समजणाऱ्या आणि मूळनिवासी समजणाऱ्या, दोन्ही प्रकारच्या समाजांत ती दिसते. त्यानंतर मिसळणे झपाट्याने थांबले आणि लग्ने गटातल्या गटात होऊ लागली. कोण कुठून आले यावर दीडशे वर्षे भांडणाऱ्या महाराष्ट्राला खरे तर हा दुसरा भाग अधिक छळायला हवा. आलेले आणि असलेले दोन हजार वर्षे एकमेकांत मिसळत होते, मग दारे कोणी लावली? त्यामागे धर्मशास्त्रे होती, राज्यसत्ता होती, जमिनीची वाटणी होती की हे सगळे मिळून, हा प्रश्न इतिहासाचा आहे आणि त्याची साधने आपल्या हाताशी आहेत. ताम्रपट आणि शिलालेख आहेत, स्मृतिग्रंथ आहेत, पेशवे दफ्तरातले जातिनिवाड्यांचे कागद आहेत, आणि पुण्याइतकी ही साधने एका जागी फार थोड्या शहरांत असतील.

इनामगावच्या कुंभांतूनही कधीतरी डीएनए मिळेल. दख्खनच्या उष्णतेत तो टिकणे अवघड आहे, पण तंत्र सुधारते आहे. त्या दिवशी पहिला प्रश्न येईल की ही मुले आर्य होती की द्रविड. मला आधी विचारावेसे वाटते की त्यांच्या आया काय खात होत्या, नवऱ्याच्या गावी दुरून आल्या होत्या की त्याच गावच्या होत्या, आणि कोणत्या आजाराने इतकी मुले दगावली. दातांच्या वाढीत पडलेल्या खाचांवरून आजारपण आणि उपासमारीचे काळ ओळखता येतात, आणि इनामगावच्या दातांवर असे काम झालेले आहे. संग्रहालयात सांगाड्यांच्या शेजारी लावलेल्या पाटीवर ते सोप्या मराठीत लिहावे, आणि त्याखाली काय सापडले, त्याचा अर्थ कोणी लावला आणि दुसरा अर्थ कोणता संभवतो, या तिन्ही ओळी वेगवेगळ्या छापाव्यात.